रंगांचे श्रवण आणि निर्गुणाचा प्रश्न

ज्या चित्रात झाड नाही, चेहरा नाही, देवता नाही, प्रसंग नाही, केवळ रंग आणि त्या रंगाने व्यापलेली जागा आहे, अशा चित्रासमोर बसून एखादा संगीतकार रचना करतो आणि ही रचना म्हणजे त्या चित्राचा अर्थ होय असे सांगतो, तेव्हा त्या सांगण्याला नेमका आधार कशाचा, हा प्रश्न वरवर पाहता कलासमीक्षेचा वाटतो. थोडे खोल गेले की तो ज्ञानमीमांसेचा, म्हणजे माणसाला एखादी गोष्ट कळते ती कशी याच्या विचाराचा होतो, आणि त्याहून पुढे गेले की उपासनेचा होतो. मूर्त चित्राच्या बाबतीत अडचण फारशी नसते. रासक्रीडेचे चित्र पाहून कोणी रासाचे पद गायले, तर चित्र आणि पद या दोहोंच्या मागे एकच कथा उभी असते आणि दोघेही तिचेच देणे लागतात. अमूर्त चित्रामागे असे तिसरे काही उभे नसते. मग चित्रातून संगीतात उतरते ते काय?

भारतीय दर्शनांपैकी न्याय-वैशेषिकांनी इंद्रियांच्या सीमा फार काटेकोरपणे आखल्या आहेत. त्यांच्या मते शब्द, म्हणजे ध्वनिमात्र, हा आकाशाचा गुण असून तो केवळ कानाने कळतो, आणि कान म्हणजे दुसरे काही नसून कर्णविवराने मर्यादित झालेले आकाशच होय. रूप, म्हणजे रंग, केवळ डोळ्याने कळते. आणि एकाचा विषय दुसऱ्याच्या हाती लागत नाही. तरीही चंदनाचे खोड दुरून दिसताच ‘हे सुगंधी चंदन’ असे ज्ञान होते आणि त्यात नाकाने तर काहीच काम केलेले नसते. या अडचणीवर नैयायिकांनी ज्ञानलक्षणा प्रत्यासत्ती नावाचा संबंध मानला: पूर्वी घेतलेल्या गंधाचे स्मरणच डोळ्याला गंधापर्यंत नेणारा दुवा ठरते. उपपत्ती नामी आहे, कारण रोजच्या व्यवहाराचा बराच भाग ती उलगडते. चिंच नुसती दिसली तरी तोंडाला पाणी सुटते ते याच वाटेने. अमूर्त चित्रासमोर मात्र ती अडखळते. चंदन पूर्वी हुंगलेले असते, चिंच चाखलेली असते. पण एखाद्या जांभळट काळ्या पटाचा आवाज पूर्वी कोणीच ऐकलेला नसतो. स्मरणाचा दुवा नसताना दोन इंद्रियांमध्ये पूल कशाचा बांधायचा, हा खरा पेच आहे.

युरोपात हा पूल गणिताने बांधण्याचा खटाटोप दीर्घकाळ चालला. न्यूटनने १७०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात वर्णपटाचे सात भाग सप्तकातील स्वरांतरांच्या प्रमाणात मांडले. लुई बर्त्राँ कास्तेल या फ्रेंच जेझुइटाने डोळ्यांसाठी वाद्य बनवण्याचा ध्यास घेतला. रशियन संगीतकार स्क्रियाबिनने १९१० च्या ‘प्रोमिथियस’ या रचनेत रंगीत प्रकाशासाठी स्वतंत्र ओळच लिहिली. परंतु दृश्य प्रकाशाची कमाल कंपनसंख्या किमान कंपनसंख्येच्या जेमतेम दुप्पट भरते, तर मानवी कान सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो; गवयाच्या भाषेत सांगायचे तर डोळ्याच्या वाट्याला एक सप्तकच आले आहे आणि कानाच्या वाट्याला जवळजवळ दहा. इतकी विषम मापे हाती घेऊन केलेला हिशेब जुळायचा कसा? स्वर आणि रंग यांची सांगड ज्यांच्या मनात आपोआप पडे, त्यांचेही आपसांत जुळत नव्हते: सी मेजर ही स्वरश्रेणी रिम्स्की-कोर्साकोव्हला पांढरी वाटे आणि स्क्रियाबिनला तांबडी. आज संगणकाला चित्र दाखवून त्याच्या ठिपक्याठिपक्यातून स्वर काढता येतात. हाती येते ती चित्राची आकडेवारी, कानाने ऐकलेली, आणि तिची गंमत पाच मिनिटांत ओसरते.

रशियन चित्रकार कांदिन्स्कीचे उदाहरण याहून मोलाचे आहे, कारण त्याने कोष्टकेही मांडली आणि ती ओलांडलीही. २ जानेवारी १९११ रोजी म्युनिकमध्ये संगीतकार शोएनबर्गच्या रचनांची मैफल त्याने ऐकली आणि लगोलग ‘इम्प्रेशन ३’ हे चित्र रंगवले, ज्यात पियानोचा काळा आकार पिवळ्या रंगाच्या लोटात जवळजवळ बुडून गेला आहे. त्याच वर्षाअखेरीस प्रसिद्ध झालेल्या, कलेतील आध्यात्मिक तत्त्वाविषयीच्या पुस्तकात त्याने फिकट निळ्याला बासरी, गडद निळ्याला चेलो आणि पिवळ्याला तुतारी नेमून दिली. ती यादी आज कोणी गंभीरपणे वापरत नाही. पण त्याच पुस्तकात त्याने पांढरा आणि काळा या दोन शांतता मानल्या आहेत, पांढरी शक्यतांनी भरलेली आणि काळी शक्यता संपून गेलेली, आणि हा भेद अधिक खोलवर जातो, कारण येथे रंगाला स्वर नेमून दिलेला नाही, रंगासमोर कान कसा ठेवायचा हे सुचवले आहे. काळ्याविषयीचा त्याचा निवाडा मात्र साठ वर्षांनी अमेरिकेतील एका खोलीने खोटा पाडला.

ती खोली म्हणजे टेक्सासमधील ह्यूस्टन शहरातील रॉथ्को चॅपेल. जॉन आणि दोमिनिक द मेनिल या दांपत्याने १९६४ मध्ये मार्क रॉथ्को या चित्रकाराला या वास्तूसाठी चित्रे काढण्यास सांगितले. आधी ती कॅथलिक प्रार्थनागृह व्हायची होती, पुढे ती कोणत्याही एका धर्माची न राहता सर्वांसाठी खुली ठेवायची असे ठरले. खोली अष्टकोनी आहे आणि तिच्या भिंतींवर १४ चित्रे आहेत, तीन त्रिपट आणि पाच एकेरी पट; वसईत किंवा गोव्यात चर्चच्या भिंतींवर क्रुसाच्या वाटेचे १४ मुक्काम ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही संख्या ओळखीची वाटेल, फक्त येथे कोणत्याही मुक्कामावर कोणीही नाही. रॉथ्को १९०३ मध्ये आजच्या लाटव्हियातील द्विन्स्क या गावी ज्यू कुटुंबात जन्मला होता. फेब्रुवारी १९७० मध्ये त्याने आत्महत्या केली आणि चॅपेल खुले झाले ते त्यानंतर वर्षाने, २७ फेब्रुवारी १९७१ रोजी.

बाहेरच्या लख्ख उन्हातून आत येणाऱ्याला प्रथम सगळेच पट काळे दिसतात, आणि पाहण्यासारखे काही नाही या जाणिवेने अनेकजण दोन-चार मिनिटांतच परत फिरतात. बाकावर बसून राहणाऱ्याचा डोळा हळूहळू अंधाराला सरावतो. मग काळ्याखाली दडलेला लालसर जांभळा वर येऊ लागतो, सात पटांवरच्या काळ्या आयताची कड आणि तिच्याभोवतीची तपकिरी-जांभळी चौकट वेगळी होते, कुंचल्याचा एखादा फटकारा पृष्ठभागावर उमटून दिसतो, आणि छतातून येणारा उजेड ढगाने झाकला की पंधरा फूट उंचीचा पट मागे सरकल्यासारखा वाटून ढग गेला की पुन्हा पुढे येतो. कांदिन्स्कीने काळ्यात शक्यतांचा शेवट पाहिला होता. येथे शक्यता काळ्यातूनच सुटतात, एवढेच की त्यांना वेळ लागतो. चित्र ही एका दृष्टिक्षेपात सापडणारी वस्तू आणि संगीत ही काळात उलगडणारी, हा शाळकरी भेद या खोलीत टिकत नाही.

चित्रांमधला हा वेळच मॉर्टन फेल्डमनने उचलला. फेल्डमन (१९२६–१९८७) हा न्यू यॉर्कचा संगीतकार रॉथ्कोचा मित्र होता. मित्राच्या स्मरणार्थ रचना करावी असे त्याला सांगण्यात आले, ती १९७१ मध्ये पूर्ण झाली आणि १९७२ मध्ये त्याच चॅपेलमध्ये प्रथम सादर झाली. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून किंचित मोठे आणि खालच्या पट्टीचे तंतुवाद्य, चेलेस्टा, तालवाद्ये, दोन एकल स्त्री-स्वर आणि गायकवृंद एवढ्यांसाठी ती आहे, आणि सुमारे २५ मिनिटांच्या या रचनेत गाणाऱ्यांच्या तोंडी एकही शब्द नाही. रॉथ्कोचा रंग पटाच्या कडेपर्यंत जातो, मध्ये थांबून आकृती बनत नाही, हे हेरून फेल्डमनने आपला आवाजही खोलीच्या कडांपर्यंत भरेल, अमुक अंतरावरून येतो आहे असे वाटणार नाही, अशी योजना केली. वृंदाचा एक स्वरसमूह उमटतो, विझतो, त्यानंतर शांतता येते, मग जवळपास तसाच पण नेमका तोच नसलेला दुसरा समूह; ऐकणारा ‘आता पुढे काय’ हे विचारायचे विसरतो तेव्हाच त्याला या दोन समूहांतला फरक ऐकू येऊ लागतो. पटावरचा लालसर जांभळा दिसायला लागला तोही असाच. फेल्डमनने रंगाचा स्वर केला नाही. चित्रासमोर बसण्याची जी रीत चित्राने शिकवली, ती त्याने कानाला शिकवली.

रचना येथेच संपली असती तर तिच्याविषयी एवढेच म्हणून थांबता आले असते. पण अखेरच्या भागात व्हायब्राफोनवर चार स्वरांची एक साधी आवर्तने घेणारी जागा सुरू होते आणि तिच्यावर व्हायोला एक सरळ, गुणगुणता येईल अशी धून वाजवू लागते, जी ज्यू प्रार्थनागीतांच्या वळणाची आहे आणि जी फेल्डमनने पंधराव्या वर्षी रचली होती. निराकाराची इतका वेळ राखलेली शिस्त शेवटच्या काही मिनिटांत का मोडली, असे म्हणून ही धून रचनेचा डाग मानता येईल. तसे मानणे उथळपणाचे आहे, आणि ते का, हे पाहायला धर्मग्रंथांकडे वळावे लागते.

देवाची प्रतिमा घडवू नये ही आज्ञा ज्यू धर्माच्या मुळाशी आहे, आणि सीनाय पर्वतावर लोकांनी आवाज ऐकला पण आकृती पाहिली नाही असे बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. परंतु निर्गम ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात त्याच प्रसंगाचे मूळ हिब्रू शब्द चमत्कारिक आहेत: लोकांनी आवाज ‘पाहिले’. प्राचीन ज्यू आचार्यांमध्ये यावर मतभेद झाला. रब्बी इश्माएल यांच्या मते लोकांनी पाहण्याजोगे होते ते पाहिले व ऐकण्याजोगे ते ऐकले. रब्बी अकिवा यांच्या मते जे ऐकण्याचे होते तेच त्यांनी पाहिले. पहिले मत नैयायिकाला पटेल. दुसरे मत आळंदी-नेवाशाच्या वाचकाला अपरिचित वाटू नये, कारण ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव आपल्या बोलांविषयी हेच सांगतात: त्यांच्या रसाळपणाच्या लोभाने कानांना जिभा फुटतील, शब्द हा खरे तर कानाचा विषय पण रसना म्हणेल हा रस माझा, डोळे म्हणतील येथे रूपाची खाण उघडली, आणि इंद्रियांची आपसात भांडणे लागतील. हे केवळ कवीचे लाघव समजून पुढे जाण्याची रीत आहे. पण हे कोठे आले आहे तेही पाहिले पाहिजे. हा तोच अध्याय आहे ज्यात पुढे कुंडलिनीच्या प्रवासाचे आणि अनाहत नादाचे वर्णन येते. इंद्रियांच्या सीमा पुसल्या जाण्याची थट्टा आणि इंद्रियांच्या पलीकडच्या नादाचे गांभीर्य एकाच अध्यायात शेजारी नांदतात.

अनाहत म्हणजे आघाताविना असलेला नाद. दोन वस्तू एकमेकींवर आपटून जो निर्माण होतो तो आहत. या भेदावर सर्वांत परखड भाष्य करणारा ग्रंथकार देवगिरीचाच आहे. यादव राजा सिंघण याच्या पदरी हिशेबखात्याचा अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि त्यात तो म्हणतो की मुनी गुरूने दाखवलेल्या मार्गाने अनाहताची उपासना करतात, ती मुक्ती देते, मात्र त्या नादात रंजकता नसल्याने तो लोकांचे मन रमवू शकत नाही. म्हणून रंजनही करणाऱ्या आणि संसारातून सोडवणाऱ्याही आहत नादाचा, म्हणजे संगीताचा, विचार करायचा. पोथीतला हा शेरा हिशेबनिसाला शोभणारा आहे: जमा-खर्च दोन्ही मांडून त्याने संगीताची बाजू घेतली. आणि शार्ङ्गदेवाचा शब्दही लक्षात घेण्यासारखा आहे, कारण रंजकतेला तो ‘रक्ती’ म्हणतो, जो शब्द रंगवणे या अर्थाच्या ‘रञ्ज्’ धातूपासून आला आहे. ‘राग’ही त्याच धातूचा. संस्कृत संगीतशास्त्राला स्वर आणि रंग यांच्यामध्ये पूल बांधावाच लागला नाही. त्याच्या शब्दांतच तो आधीपासून होता.

फेल्डमनची धून शार्ङ्गदेवाच्या या तराजूत ठेवली तर तिचे वजन कळते. चौदा काळसर पट हे अनाहताच्या बाजूचे आहेत. ते मुनीला पुरेसे असतील, पण मित्राचा शोक करणाऱ्याला पुरत नाहीत. निर्गुणासमोर पुरेसा वेळ बसलेल्या माणसाच्या मनात जे उगवते ते निर्गुण नसते, त्याचे स्वतःचे सगुण असते: बालपणीची प्रार्थनेची चाल, घरातली भाषा, गेलेल्या माणसाचा आवाज. वारकरी परंपरेने सगुण की निर्गुण हा वाद जिथल्या तिथे मिटवून टाकला तो कोणा एका पक्षाचा विजय जाहीर करून नव्हे, एकाच अभंगात दोहोंना बसवून. व्हायोलाची ती धून पटांवरच्या काळ्याला खोडत नाही. त्या काळ्याने केलेल्या जागेत ती येते, आणि वृंदाचे शब्दहीन स्वर तिच्या भोवती पुन्हा उमटतच राहतात.

या साऱ्याचा एक रोजचा, हाताशी असलेला पुरावा मिरजेच्या तंबोऱ्यात सापडतो. चार तारांपैकी एकही गंधारात लावलेली नसते. पंचम, जोड आणि खर्ज एवढेच. घोडीवर तारेखाली सुती धागा सरकवून जवारी नेमकी लागली, की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलू लागतो, ज्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. भौतिकशास्त्र सांगते की तो त्या तारेचा पाचवा अंशस्वर आहे आणि तो तेथे होताच. धाग्याने फक्त त्याला वाट दिली. परंतु धागा लागल्यावरही प्रत्येकाला तो लगेच ऐकू येत नाही. नवशिक्या शिष्याला गुरू ‘ऐक’ म्हणतो, शिष्याला काहीच ऐकू येत नाही, आणि मग केव्हातरी एका सकाळी तो ऐकू येतो आणि पुन्हा कधी ऐकू न येणे अशक्य होते. रॉथ्कोच्या काळ्यातला लालसर जांभळा हा अशाच जातीचा आहे. तो भिंतीवर आहे हे खरे, आणि बसल्याशिवाय नाही हेही खरे.

अमेरिकन संगीतकार जॉन केजला हेच वेगळ्या मार्गाने सापडले. त्याला भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या अहमदाबादच्या गीता साराभाई यांनी संगीताचे प्रयोजन मन शांत करून त्याला दैवी प्रभावासाठी खुले करणे हे आहे असे सांगितल्याचे तो वारंवार नमूद करी. १९५१ मध्ये चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गने केवळ पांढऱ्या रंगाचे पट केले, ज्यांवर खोलीतल्या माणसांच्या सावल्याच काय त्या पडत. पुढच्या वर्षी २९ ऑगस्टला वुडस्टॉकजवळ केजची ‘चार मिनिटे तेहतीस सेकंद’ ही रचना सादर झाली, जिच्यात वादक एकही स्वर वाजवत नाही. आधी पांढरे पट आले, मग आपली मूक रचना, असे केजनेच लिहून ठेवले आहे. पटांचा अर्थ लावणारे संगीत म्हणून या मौनाला तोड नाही, कारण पटाने सावल्यांसाठी केले ते त्याने खोकल्यांसाठी, वाऱ्यासाठी आणि पावसासाठी केले. तरी केजच्या मौनात एक कोरडेपणा आहे. फेल्डमनला जी धून सुचली, तिला तेथे जागाच ठेवलेली नाही.

या संदर्भात वासुदेव गायतोंडे यांचे नाव घेणे केवळ आपलेपणाचे नव्हे. १९२४ मध्ये नागपूरला जन्मलेले, मूळचे गोव्याच्या घराण्यातील हे चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, झेन विचाराकडे ओढले गेले आणि आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे त्यांनी नाकारले. वस्तुनिरपेक्ष हा शब्द त्यांना जवळचा वाटे. अमूर्त म्हटले की मूर्तातून काही काढून घेतल्याचा भास होतो, आणि त्यांच्या पटावर काढून घेण्यासारखे आधी काही नसते. रोलरने आणि सुरीने रंगाचे थर चढवत, खरवडत, पुन्हा चढवत ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करत. बाकीचा काळ वाट पाहण्यात, संगीत ऐकण्यात आणि गप्प बसण्यात जाई. त्या पटांसमोर तंबोऱ्याची आठवण होते ती कोणत्याही कोष्टकामुळे नव्हे. थरांखालून एखादा रंग कोणी न लावल्यासारखा बोलू लागतो, म्हणून होते.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. चित्रातून संगीतात केवळ बसण्याची रीतच जात असेल, तर कोणत्याही चित्रापुढे कोणतेही संथ, दबक्या आवाजाचे संगीत चालून जाईल. मग योग्य आणि अयोग्य यांत फरक काय राहिला? याचे उत्तर बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्याने मैत्रेयीला सांगितलेल्या क्रमातून काढता येते. आत्मा पाहायचा, ऐकायचा, मनन करायचा, ध्यान करायचा, असा तो क्रम आहे. वेदान्ती भाष्यकारांनी त्यातले पाहणे हे साध्य आणि ऐकणे हे त्याचे पहिले साधन मानले. नवविधा भक्तीतही पहिली पायरी श्रवणाची, आणि रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाची सुरुवात तिनेच केली आहे. ऐकणे हे पाहण्यासाठी असेल, तर कसोटी आपोआप ठरते: चित्रासाठी रचलेल्या संगीताने ऐकणाऱ्याला पुन्हा त्या चित्रापाशी नेले पाहिजे आणि आधी न दिसलेले काही दाखवले पाहिजे. ज्या संगीताने डोळे मिटून स्वतःतच रमावेसे वाटते ते संगीत म्हणून उत्तम असेल, पण त्या चित्राचा अर्थ त्याने लावलेला नाही. या कसोटीवर बहुतेक प्रयत्न नापास होतात, आणि तसे व्हावेत हेच बरे.

फेल्डमनची रचना उत्तीर्ण होते याची साक्ष एका दुसऱ्या संगीतकाराने दिली आहे. चॅपेलच्या पन्नाशीच्या निमित्ताने टायशॉन सोरी या आफ्रिकन-अमेरिकन संगीतकाराला नवी रचना करण्यास सांगितले गेले आणि ती २०२२ मध्ये त्याच अष्टकोनी खोलीत सादर झाली. त्याने फेल्डमनचीच वाद्ये जवळजवळ तशीच घेतली, गती आणखी संथ केली, एकल स्त्री-स्वरांच्या जागी एका खोल पुरुषी आवाजाला आणले, आणि तो आवाज अखेरीस शब्दांवर आला तेव्हा त्याच्या तोंडी प्रार्थनागृहातली ज्यू चाल नव्हती, गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेल्या, आईविना पोराच्या एका कृष्णवर्णीय भक्तिगीताचे तुटक तुकडे होते. भिंतीवरचे चौदा पट तेच होते.